कॅथलॅबमधली गरोदर फेलो : एक प्रकरण अभ्यास

(ओळख पटेल असे सगळे तपशील वगळले आहेत. किरणांच्या डोसचे आकडे तिच्या बॅजच्या अहवालांतले आणि रोजच्या नोंदवहीतले आहेत.)

पार्श्वभूमी

हृदयरोगशास्त्राच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणातलं दुसरं वर्ष म्हणजे हात बसायचं वर्ष. या प्रकरणातली फेलो, म्हणजे प्रशिक्षण घेणारी डॉक्टर, चौघांच्या बॅचमधली एकटी बाई. प्रशिक्षण संपेपर्यंत पहिली ऑपरेटर म्हणून १५० अँजिओग्राफी लॉगबुकात हव्या होत्या, त्यातल्या ६२ झाल्या होत्या. आठवड्यात तीन दिवस कॅथलॅब (एक्स-रेच्या चित्रावर पाहत धमनीतून नळी घालून हृदय तपासायची खोली), बाकी वॉर्ड आणि इको (हृदयाची सोनोग्राफी).

तिचा शोधप्रकल्पही कॅथलॅबमध्येच चालायचा. धमनीतला मध्यम अरुंदपणा खरोखर रक्तप्रवाह अडवतो का, हे प्रेशर वायरने मोजायचं. वायरच्या टोकाचा दाब भागिले महाधमनीतला दाब, हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा महत्त्वाचा. ऐकायला सोपं आहे, पण मोजमाप नाजूक असतं. वायर कॅथेटरच्या (धमनीत घातलेल्या बारीक नळीच्या) तोंडाशी असताना दोन्ही दाब जुळवून घ्यायचे, ॲडेनोसिन (धमन्यांतला प्रवाह वाढवणारं औषध) मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम या वेगाने शिरेतून द्यायचं, आणि शेवटी वायर परत तोंडाशी आणून दाब अजून जुळतात का ते पाहायचं. फरक ०.०३ पेक्षा जास्त निघाला तर ते मोजमाप बाद आणि सगळं पुन्हा. ८० रुग्ण हवे होते, ३१ झाले होते. मोजमापाचं यंत्र काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये होतं, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

तिच्याकडे किरण मोजणारा एकच बॅज होता, कॉलरवर शिशाच्या ॲप्रनच्या बाहेर लावायचा. महिन्याला साधारण ०.३ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक) यायचे. ॲप्रनच्या आत, पोटापाशी किती पोचतं हे कुणी कधी मोजलं नव्हतं. तिचंच नाही, युनिटमध्ये कुणाचंच नाही.

अडचण

गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात तिने प्रकल्पाच्या गाइडना तोंडी सांगितलं. त्यांनी चांगल्या मनाने युनिट प्रमुखांच्या कानावर घातलं. प्रमुखांनी तिला बोलावून, ‘अगं, आता तू कॅथलॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाहीस, आम्ही बघून घेतो,’ असं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी सुधारलेलं वेळापत्रक युनिटच्या ग्रुपवर पडलं. तिच्या नावापुढे प्रसूतीपर्यंत इको आणि वॉर्ड.

त्या एका ओळीने तीन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली, बातमी फुटली. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के गर्भपातात संपतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून अनेक जणी बारा आठवडे उलटेपर्यंत फार कुणाला सांगत नाहीत. तिने घरातही सगळ्यांना सांगितलं नव्हतं. वॉर्डबॉयला मात्र कळलं.

दुसरी, लॉगबुक ६२ वर थांबलं आणि तिचे कॉल, म्हणजे तातडीच्या ड्युट्या, उरलेल्या तिघांवर आले. त्यांची कुरकुर प्रमुखांपर्यंत गेली नाही, तिच्यापर्यंत गेली.

तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा लक्षात आली. प्रकल्पाची मोजमापं आता इतर फेलो करू लागले. पुढच्या दोन आठवड्यांत सहा रुग्णांची नोंद झाली, आणि सहाही नोंदींत शेवटची दाब जुळवून पाहण्याची पायरी नव्हती. वायर बाहेर काढून टाकलेली, मग कशाशी जुळवणार? सहाही बाद. रुग्णांनी संमती दिली, ॲडेनोसिनची धडधड सोसली आणि उपयोग शून्य. तिला ज्या खोलीतून वगळलं होतं तिथे बसून ती ही मोजमापं करू शकली असती. कंट्रोल रूमच्या शिशाच्या काचेमागे विखुरलेले किरण जवळपास पोचतच नाहीत. पण ‘कॅथलॅब बंद’ म्हणताना टेबल आणि कंट्रोल रूम यांत कुणी फरकच केला नाही.

नवव्या आठवड्यात तिने आरएसओंना, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना, लेखी विचारलं : माझ्या पोटापाशी नेमका किती डोस पोचतो आणि मर्यादा किती आहे?

तपासलेले पर्याय

बैठकीला ती, गाइड, प्रमुख आणि आरएसओ असे चौघे होते. चर्चेआधी आरएसओंनी आकडे मांडले. हेच पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस अशी : गर्भधारणा जाहीर केल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला कामातून मिळणारा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावा. अमेरिकेतली नियामक मर्यादा संपूर्ण गर्भारपणासाठी ५ मिलिसिव्हर्ट आहे. गर्भात व्यंग निर्माण होणं किंवा बुद्धीवर परिणाम होणं यांचा उंबरठा मात्र १०० मिलिग्रेच्या (शरीरात शोषलेल्या किरणांचं एकक) आसपास मानला जातो. मेंदूच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ गर्भधारणेनंतरचा ८ ते १५ आठवड्यांचा. एक्स-रेसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट हे आकडे सारखेच धरता येतात, म्हणजे आयोगाची मर्यादा आणि उंबरठा यांत शंभरपट अंतर आहे.

कर्करोगाचा प्रश्न वेगळा, तिथे उंबरठा मानत नाहीत. गरोदरपणी आईच्या पोटाचे एक्स-रे काढले असतील तर मुलात कर्करोगाचं प्रमाण वाढतं, हे ॲलिस स्टुअर्ट या इंग्लिश डॉक्टरबाईंनी १९५६ आणि १९५८ मध्ये दाखवलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही. आज आयोगाचा अंदाज असा की गर्भाला १० मिलिग्रे मिळाले तर साधारण १,७०० मुलांमागे एक जादा कर्करोगमृत्यू. म्हणून ‘काही होत नाही’ असं आरएसओंनी एकदाही म्हटलं नाही. ‘किती होतं ते मोजता येतं,’ एवढंच म्हणाले.

प्रसूतीपर्यंत पूर्ण बंद हा पहिला पर्याय, जो आधीच लागू झाला होता. त्यात डोस शून्य, पण प्रशिक्षण वर्षभर लांबणार आणि प्रकल्प बुडणार. मुख्य म्हणजे तो पर्याय तिने निवडलेला नव्हता. आयोगाचंही म्हणणं असं नाही की गरोदर कर्मचाऱ्याने किरणांच्या कामातून पूर्ण बाहेर पडावं. जाता जाता एक आठवण : अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीने गर्भाच्या काळजीचं कारण देऊन मूल होऊ शकणाऱ्या सगळ्याच बायकांना शिशाच्या कामातून वगळलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे धोरण लिंगभेदाचं ठरवलं.

आहे तसंच चालू ठेवणं हा दुसरा पर्याय. पोटापाशी बॅजच नसताना तो बेजबाबदारपणा ठरला असता.

तिसरा गाइडनी सुचवला : पहिले तीन महिने बाहेर, मग परत. तोवर नववा आठवडा चालू होता, त्यामुळे या पर्यायाने थोडाच काळ वाचत होता. शिवाय ८ ते १५ आठवड्यांची नाजूक खिडकी तीन महिन्यांपाशी संपत नाही. कॅलेंडरवर नीट दिसतो म्हणून हा पर्याय लोकांना आवडतो. त्याला दुसरा आधार नाही.

चौथा : मोजत मोजत काम, ठरलेल्या आकड्यावर थांबायचं. तिने हा निवडला. प्रमुखांना अजून शंका होती. ‘सर, एक महिना आकडा बघू. जास्त आला तर मी स्वतःच थांबेन,’ ती म्हणाली, आणि तेवढ्यावर त्यांनी होकार दिला.

काय केलं

तिने एका पानावर लेखी जाहीरनामा दिला. त्यात तारीख, अंदाजे प्रसूतीची तारीख, आणि ‘मी हा जाहीरनामा केव्हाही मागे घेऊ शकते’ असं वाक्य. हे पान आरएसओंच्या फाइलला गेलं, ग्रुपवर नाही.

बॅज दोन झाले : एक कॉलरवर बाहेर, दुसरा पोटावर ॲप्रनच्या आत. शिवाय आतल्या बाजूला इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर, जो मायक्रोसिव्हर्टमध्ये (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) लगेच आकडा दाखवतो. दोन्ही हवेतच. बॅजचा अहवाल महिन्याने येतो आणि अगदी कमी डोस त्याला दिसत नाहीत. इलेक्ट्रॉनिक यंत्र तत्काळ सांगतं, पण काही मॉडेल फ्लुरोस्कोपीच्या (पडद्यावर चालतं एक्स-रे चित्र दाखवण्याच्या) तुटक-तुटक किरणांना कमी मोजतात. एकावर विसंबलं की चूक होते. ड्युटी संपली की आकडा वहीत, सही तिची.

पोटाच्या पृष्ठभागावरचा डोस गर्भापर्यंत पोचताना साधारण निम्मा होतो. हिशोबात मात्र निम्मं धरायचं नाही, पृष्ठभागाचा आकडा हाच गर्भाचा मानायचा असं ठरलं. महिन्याला ०.१ मिलिसिव्हर्ट ओलांडले तर बैठक, एकूण ०.५ झाले तर टेबल बंद.

टेबलापाशी बदल छोटे होते, पण डोस त्यांनीच उतरला. एक्स-रे ट्यूब टेबलाखाली असते आणि रुग्णाच्या शरीरावरून सर्वाधिक किरण ट्यूबच्या बाजूला परत विखुरतात, म्हणजे नेमके ऑपरेटरच्या कमरेच्या उंचीला. म्हणून टेबलाच्या कडेचा शिशाचा पडदा प्रत्येक केसला खाली सोडलेला आहे ना, हे आधी पाहायचं. तो वर दुमडून ठेवायची तिथे सवयच होती. फ्लुरोस्कोपीचा वेग सेकंदाला १५ फ्रेमवरून साडेसातवर आणला, डोस जवळपास अर्धा झाला. डिटेक्टर (किरण टिपणारी पाटी) रुग्णाच्या छातीला जितका जवळ नेता येईल तितका. एलएओ व्ह्यूमध्ये (समोर-डावीकडून तिरकं चित्र) ट्यूब ऑपरेटरच्या बाजूला येते, तो व्ह्यू कमीत कमी वेळ. सिने चित्रणात (नोंदीसाठी जतन करायच्या स्पष्ट चित्रात) किरण साध्या फ्लुरोस्कोपीच्या कितीतरी पट असतात, तेव्हा डाय (धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव) हाताने न देता लांब नळीच्या इंजेक्टरने द्यायचा आणि मागे सरकायचं. रुग्णापासून ०.६ मीटरवर उभं राहण्याऐवजी १.८ मीटरवर गेलं की अंतर तिप्पट आणि डोस नवव्या हिश्शावर.

अवघड, लांबणाऱ्या केस तिने स्वतःहून सोडल्या. रात्रीच्या तातडीच्या अँजिओप्लास्टीतही ती दुसरी ऑपरेटर राहिली. तिथे मागे सरकायला सवड मिळत नाही. इतर तिघांवर भार पडू नये म्हणून त्यांच्या इको लिस्ट तिने घेतल्या, आठवड्याचा हिशोब कागदावर मांडून. त्यानंतर कुरकुर थांबली. प्रकल्पाची सगळी मोजमापं ती कंट्रोल रूममधून करू लागली.

मधेच आलेलं वळण

दुसऱ्या महिन्याचा बॅज अहवाल आला : पोटाचा बॅज ०.३४ मिलिसिव्हर्ट. ठरलेल्या आकड्याच्या तिप्पट. प्रमुखांनी तासाभरात तिचं नाव पुन्हा काढलं. ती घाबरली, आणि ते साहजिक होतं.

आरएसओंनी अहवालाची दुसरी ओळ वाचली. कॉलरचा बॅज : मोजण्याजोगा डोस नाही. ॲप्रनच्या बाहेरचा बॅज कोरा आणि आतल्यावर ०.३४, असं होऊच शकत नाही. वही काढली. त्या महिन्यात बारा दिवस टेबल, इलेक्ट्रॉनिक यंत्राची बेरीज ०.०१२ मिलिसिव्हर्ट. ०.३४ हा तिच्या कॉलरचा नेहमीचा आकडा होता, आणि त्याच्या साडेतीन टक्के म्हणजे ०.०१२, ॲप्रनमधून जेवढं पार व्हावं साधारण तेवढंच. महिन्याच्या सुरुवातीला नवे बॅज लावताना अदलाबदल झाली होती. दोन्ही खोकी निळी, फरक फक्त मागच्या बाजूच्या स्टिकरचा, तोही ॲप्रनला घासून पुसट झालेला.

कॉलरला लाल क्लिप, पोटाला पिवळी, एवढाच उपाय केला. चौकशी आणि लेखी खुलासा होईपर्यंत नऊ दिवस गेले. त्यातला खरा तपास वीस मिनिटांचा, उरलेला वेळ सह्यांचा.

दुसरी गोष्ट चोविसाव्या आठवड्यात घडली आणि ती वहीमुळेच कळली. रोजचा आकडा १ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असायचा, तो सलग चार दिवस अडीचवर गेला. केस तशाच, वेळही तेवढीच. तपासलं तेव्हा कारण ॲप्रनमध्ये सापडलं. स्कर्ट आणि व्हेस्ट असा दोन भागांचा, अंगाभोवती गुंडाळायचा ॲप्रन ०.२५ मिलिमीटर शिशाइतका असतो. पुढे दोन पदर एकावर एक येतात म्हणून तिथे ०.५ मिलिमीटर होतं. पोट वाढलं तसा पदरांचा मेळ आक्रसत गेला. सुरुवातीला १४ सेंटिमीटर एकमेकांवर येणारे पदर आता जेमतेम ४ सेंटिमीटर येत होते. म्हणजे पोटाच्या बऱ्याचशा भागावर एकच पदर उरला होता. ॲप्रन अंगावर आहे, पट्टा बसतोय, बाहेरून सगळं ठीक. नेमकं जिथे दुप्पट हवं तिथे निम्मं.

पोटावर जादा शिशाचा तुकडा लावावा असा सल्ला अनेकांनी दिला. तिने आणि आरएसओंनी तो नाकारला. ०.५ मिलिमीटरच विखुरलेले बहुतेक सगळे किरण अडवतं; त्यावर आणखी थर चढवून मिळतं थोडंच आणि वजन मात्र पाठीवर पडतं. मोठ्या मापाचा स्कर्ट मागवला. तो येईपर्यंत आठवडाभर ती टेबलावर गेली नाही. नव्या स्कर्टने आकडा परत १ वर आला. व्हेस्ट मात्र तिच्याच मापाचा ठेवला, कारण मोठ्या व्हेस्टची बाही सैल पडली की काखेतून स्तनाची बाजू उघडी राहते. बहुतेक युनिट पुरुषांच्या मापांचे ॲप्रन घेतात, त्यामुळे ही फट गरोदर नसलेल्या बायकांच्या बाबतीतही असतेच.

परिणाम

तेहतिसाव्या आठवड्यात तिने टेबल सोडलं. कारण किरण नव्हे. सहा किलोंचा ॲप्रन, सुजलेले पाय आणि कंबर. पुढे ती कंट्रोल रूममध्ये आणि इकोमध्ये राहिली.

नवव्या ते तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत पोटाच्या पृष्ठभागावर एकूण डोस ०.०९ मिलिसिव्हर्ट. आयोगाच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी, आणि गर्भापर्यंत त्याच्या निम्मा धरायला हरकत नाही. निसर्गातून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्या हिशोबाने हा डोस दोन आठवड्यांचा. तुलना ढोबळ आहे, कारण त्या २.४ मधला मोठा वाटा रेडॉनचा आणि तो फुप्फुसांना जातो.

लॉगबुक ६२ वरून ११३ झालं. प्रकल्पात रजेपर्यंत ६६ रुग्ण पूर्ण झाले. सुरुवातीचे सहा बाद गेले नसते तर ७२ असते. बाळंतपण सुरळीत झालं, पण या तपशिलावरून निर्णय बरोबर ठरत नाही. डोस दहापट असता तरी बाळ सुरळीतच जन्मण्याची शक्यता जास्त होती.

पाच महिन्यांच्या रजेनंतर परतल्यावर हात मंदावलेला होता. कॅथेटर धमनीच्या तोंडाशी बसवायला जास्त वेळ लागायचा, आणि जास्त वेळ म्हणजे जास्त फ्लुरोस्कोपी. म्हणून पहिल्या दहा केसना वरिष्ठ डॉक्टर शेजारी हात धुऊन उभे राहिले. त्या दहांतला तिचा फ्लुरोस्कोपीचा सरासरी वेळ रजेआधीच्या वेळेइतका झाला, तेव्हा तिला एकटीने केस दिल्या. प्रशिक्षण चार महिन्यांनी वाढलं. लांब आजारपणाच्या रजेला जो नियम, तोच लावला. वेगळी सवलत नाही आणि वेगळी शिक्षाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक आदेशाची घाई. सातव्या आठवड्यात प्रमुखांसमोर दोनच आकडे होते : कॉलरचा ०.३ आणि ॲप्रनची जाडी. एवढ्यावरूनही आतला डोस महिन्याला एक-दोन शतांश मिलिसिव्हर्ट असावा असा अंदाज बसला असता. दोन आठवडे तिला टेबलापासून दूर ठेवून मोजमापाची सोय करणं रास्त होतं. प्रसूतीपर्यंतचा निर्णय त्या संध्याकाळी घेण्याची गरज नव्हती, आणि ग्रुपवर टाकण्याची तर मुळीच नाही. वेळापत्रकात ‘बदल’ एवढा एकच शब्द पुरला असता.

तिच्या बाजूनेही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. तोंडी सांगण्याऐवजी थेट आरएसओंकडे लेखी गेली असती तर मर्यादा आणि गोपनीयता दोन्ही पहिल्या दिवसापासून लागू झाल्या असत्या. पण त्या युनिटमध्ये जाहीरनाम्याचा नमुनाच नव्हता, आणि दुसऱ्या वर्षाच्या फेलोने तो स्वतः लिहावा ही अपेक्षा जरा जास्तच.

बॅजच्या अदलाबदलीत दोष कुणा एकाचा नाही. दोन सारखी खोकी दिली की आज ना उद्या हे होणारच. चुकीचा अहवाल आल्यावर मात्र नाव काढण्याआधी दुसरी ओळ वाचायला हवी होती. ॲप्रनचे पदर सुरुवातीपासून दर महिन्याला टेपने मोजले असते तर चोविसाव्या आठवड्याची वाट पाहावी लागली नसती. आता तिथे ते मोजतात, वजनाबरोबर त्याच तक्त्यात.

एक प्रश्न मात्र कुठल्याही उपायाने सुटला नाही. सातव्या आठवड्यापर्यंत ती टेबलावर होतीच, आणि त्या काळातला पोटाचा आकडा कुठेच नाही. कॉलरवरून अंदाज काढला, तो कमीच आला, पण तो अंदाज होता. तिने तो आरएसओंना दोनदा विचारला. पुढच्या बॅचपासून रुजू होणाऱ्या प्रत्येक फेलोला, मुलगा असो की मुलगी, पहिल्याच दिवशी दोन बॅज मिळतात, एक लाल क्लिपचा आणि एक पिवळ्या.